तीन असिमीना आणि एक चष्मा

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. तुम्ही हे खरंच वाचताय की नुसती पानं उलटताय, याचीही मला शंका आहे. जुन्या चष्म्याचा स्वभाव असाच होतो. मी वाचायचा चष्मा. आयुष्यभर लोकांनी माझ्यापुढे बारीक अक्षरच धरलं, आणि बारीक अक्षरात कुणी कधी चांगली बातमी छापलेली मी पाहिली नाही.

माझा जन्म ग्रीसमधल्या वोलोस बंदरातल्या एका दुकानात झाला. मागच्या खोलीत एक टकला कारागीर काचा घासायचा आणि पुढे त्याचा भाऊ गिऱ्हाइकांना सांगायचा, "काच जर्मनीची आहे हं." मी त्याच काचेतून जग पाहतो, आणि मला तरी ती जर्मनीची वाटली नाही. एका शनिवारी डोंगरातल्या गावाहून दोन तास बस करून एक काळ्या पोशाखातली बाई आली. तिने मला नाकावर चढवलं आणि सगळ्यात आधी दुकानाची पावती वाचली.

"हे पंधरा युरो कसले?"

"कापडी पिशवीचे, बाई."

"पिशवी मी मागितली होती का?"

दुकानदाराने पंधरा युरो मुकाट्याने खोडले. त्याच क्षणी आमचं जमलं. त्या बाईंचं नाव असिमीना झारकादा. नवरा वारलेला, दोन मुलं हाताशी आलेली, आणि शिवणकामावर घर उभं केलेलं.

पुढची चौदा वर्षं मी तिच्या नाकावर काढली. सुईत दोरा मी ओवला. मसुरातले खडे मी शोधले. खाटकाच्या काट्यावर त्याचा अंगठा असतो, हे गावात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. विजेचं बिल आलं की असिमीना मला झग्याला पुसायची, बिल दोनदा वाचायची आणि शेजारणीला म्हणायची, "हा चष्मा नाही गं, माझा वकील आहे." अशी तारीफ कोणाला आवडणार नाही? मला तर वाटायला लागलं की खोटेपणा पकडणं हेच माझं काम आहे. वाचणं आपलं जोडीला.

घर दुमजली होतं. खाली धाकटा स्टेर्योस आणि त्याची बायको फानी. वर थोरला वायोस आणि त्याची बायको आरेती. असिमीना खालच्या मागच्या खोलीत राहायची, म्हणजे तिला दोन्ही जिन्यांवरून कोण चढलं, कोण उतरलं ते कळायचं. फानी गावातलीच. आरेती मात्र क्रीट बेटावरची, समुद्र ओलांडून आलेली. तिच्या स्वयंपाकात तेल जास्त, तिचे उच्चार निराळे, आणि तिचं हसू असिमीनाला नेहमी दोन बोटं जास्त वाटायचं. "गोड बोलते म्हणजे काहीतरी लपवतेय," ती मला पुसता पुसता पुटपुटायची. मलाही ते पटायचं. खोटं का सांगू?

मग एकाच हिवाळ्यात अकरा दिवसांच्या अंतराने दोन्ही सुनांना मुली झाल्या. आमच्याकडे बाळाला जन्मल्या जन्मल्या नाव देत नाहीत. बाप्तिस्मा होईपर्यंत ते नुसतं बाळ. मुलगी असली की 'बेबा'. सरकारी वहीतही नावाचा रकाना तोवर रिकामा राहतो. वर्षभर घरात एक वरची बेबा आणि एक खालची बेबा रांगत होत्या. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं, ही रीत कुणी मोडत नाही. तेव्हा एका रविवारी पापा-स्टाथिस या आमच्या पाद्र्याने दोघींना एकामागून एक पाण्यात बुडवून काढलं आणि दोन्ही वेळा एकच नाव गरजला, "असिमीना!" चर्चमध्ये माझी असिमीना रडत होती. आपलं नाव दोनदा पुढे चाललंय, हे ऐकून तिच्या डोळ्यांचं पाणी थांबेना. "फ्तू, फ्तू, दृष्ट नको लागायला," असं म्हणत तिने दोन्ही नातींवर तीन तीनदा थुंकल्यासारखं केलं. तो दिवस खरंच आनंदाचा होता, त्यावर मी शंका घेत नाही.

त्याच सुमारास माझे दिवस फिरले. माझी एक दांडी बिजागरीतून निखळली. दुरुस्तीला वोलोसला जावं लागणार म्हणून तिने पांढऱ्या दोऱ्याने बांधून काम भागवलं. घरात ठीक होतं. पण बाहेर जाताना ती मला खणात ठेवू लागली. लोक काय म्हणतील? शिवणकाम करणाऱ्या बाईचा चष्मा असा शिवलेला?

अशी दोनेक वर्षं गेली. आणि मग एका मंगळवारी ते पत्र आलं.

पत्र आरेतीच्या नावावर होतं. मुलांचा भत्ता देणाऱ्या कचेरीचं. आरेतीने ते स्वयंपाकघरातच उभ्याने वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. असिमीनाने हात पुढे केला. "दे इकडे. माझा वकील बघेल."

मी पाहिलं. आरेतीने गेले सव्वीस महिने दुसऱ्या कुटुंबात नोंद असलेल्या बालिकेच्या नावे भत्ता घेतला आहे, असं त्यात लिहिलं होतं. बालिकेचं नाव असिमीना झारकादा. कुटुंब स्टेर्योस आणि फानीचं. पत्ता तोच. अठराशे वीस युरो परत करावेत. हरकत असेल तर तीस दिवसांत पुराव्यासह कळवावी. आणि खाली सगळ्यात बारीक अक्षरात: माहिती जाणूनबुजून खोटी दिल्याचे आढळल्यास तसा शेरा नोंदवण्यात येईल.

हा शेराच खरा जीवघेणा होता. आरेती पालिकेच्या पाळणाघरात कंत्राटावर होती. दर जूनमध्ये कंत्राट नवं व्हायचं. सरकारला फसवल्याचा शेरा पडलेल्या बाईला लेकरांजवळ कोण उभं करणार?

"माझ्याच मुलीचा भत्ता मी घेतला," आरेती म्हणाली. "माझ्याच मुलीचा, आई!"

असिमीनाने मला नाकाच्या टोकावर ओढलं आणि वरून तिच्याकडे पाहिलं. हे पाहणं मला ठाऊक होतं. खाटकाकडे ती असंच बघायची.

"अर्जात काय लिहिलंस?"

"मुलीचं नाव. आणखी काय लिहिणार?"

"एकच मुलगी लिहिलीस ना?"

"म्हणजे? दोन लिहिल्या असं वाटतं तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतेय."

मित्रांनो, 'मी विचारतेय' म्हणणाऱ्या माणसाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्या दिवसापासून घरात कुणी कुणाकडे सरळ बघेना.

गावात सगळ्यांचे अर्ज कोस्मास हिशेबनीस भरायचा. असिमीना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या टेबलासमोर जाऊन बसली. मला पिशवीतून बाहेर काढलं, दोऱ्यासकट. लाज गेली होती, इतकी ती पेटली होती.

"कोस्मास, तू तिच्याकडून किती घेतलेस?"

"कशाचे?"

"पोरगी दोनदा लिहायचे."

"अहो काकू!" कोस्मासची कॉफी त्याच्या सदऱ्यावर सांडली. "मी तुमच्या वायोसच्या लग्नात नाचलोय. पहिल्या वर्षी 'नाव नाही' असं भरलं, बाप्तिस्मा झाल्यावर 'असिमीना' भरलं. त्यांच्या यंत्राला एका पत्त्यावर एकच असिमीना सापडतेय, आणि ती फानीची. का, ते मला काय माहीत? हरकत घ्यायची तर पालिकेतून कुटुंबाचा ताजा दाखला आणा. तोवर मी एक ओळ लिहिणार नाही."

तिचा त्याच्यावर विश्वास बसला नाही, माझाही नाही. आम्ही घरी येताना ती फानीच्या दारापाशी थबकली. फानीची मावसबहीण त्या भत्त्याच्या कचेरीत टायपिंग करते, हे तिला अचानक आठवलं होतं.

"फानी, तुझ्या मावसबहिणीशी एवढ्यात काही बोलणं झालं का गं?"

फानी कपडे वाळत घालत होती. तिने चिमटा दातांतून काढला. "काय म्हणायचंय तुम्हाला, आई? मी जाऊन चुगली केली?"

"मी विचारतेय."

"मग मीपण सांगते. दोन्ही पोरींना एकच नाव द्या असं मी म्हटलं होतं का? मला वेगळं नाव ठेवायचं होतं. तुमचं मन मोडायचं नाही म्हणून गप्प बसले. आता त्याच नावापायी मी चुगलखोर झाले! शाबास!"

वरून आरेतीने हे ऐकलं. जाऊ आपल्याबद्दल कचेरीत बोलली असेल का, हा विचार तिच्याही मनात शिरला असावा, कारण त्या संध्याकाळी वरच्या असिमीनाला खेळायला खाली पाठवलं नाही. खालची असिमीना जिन्याच्या पायरीवर बसून हाका मारत राहिली. दोघं भाऊ एरवी रविवारी अंगणात मासे भाजायचे. त्या रविवारी वायोसने वरच्या गच्चीत भाजले आणि स्टेर्योसने भाजलेच नाहीत.

कुटुंबाचा दाखला यायला अठरा दिवस लागले. आरेतीने तो टेबलावर ठेवला, आणि पहिल्यांदाच स्वतःहून माझ्याकडे बोट केलं. "घ्या तुमचा वकील, आई. वाचा."

आम्ही वाचलं. वायोस झारकादास, पती (आमच्याकडे पुरुषाच्या आडनावाला शेवटी 'स' लागतो). आरेती, पत्नी. त्याखाली: कन्या. जन्मतारीख बरोबर. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नाव नाही.'

"साडेतीन वर्षांच्या माझ्या पोरीला नाव नाही," आरेती म्हणाली. "फानीच्या पोरीला आहे. आता सांगा, बाप्तिस्म्याचे कागद पालिकेत कुणी नेले होते?"

आमच्याकडे बहुतेकांना वाटतं, पाद्र्याने नाव गरजलं की झालं. सरकार तसं मानत नाही. पाद्र्याने दिलेला कागद पालिकेत नोंदवावा लागतो, तेव्हा रकाना भरतो. तो कागद न्यायला वेळ नाही म्हणून दोन्ही सुनांनी सही करून अधिकारपत्र दिलं होतं, आणि कागद नेले होते खुद्द सासूबाईंनी.

"मी दोन्ही नेले," असिमीना म्हणाली. "तिथल्या पोरीने एक हरवला असेल. ती सारखी फोनवर असते."

मित्रांनो, आता मला एक कबूल करायचंय. इतका वेळ मी ते टाळत होतो. कागद घेऊन ती पालिकेत गेली त्या सोमवारी मी तिच्याबरोबर नव्हतो. मी खणात होतो, दोरा बांधलेला. तिथे काय झालं ते मी पाहिलेलं नाही. पण हे मी कुणाला सांगणार? चष्म्याला कोण विचारतं?

सव्विसाव्या दिवशी कोस्मासला बाप्तिस्म्याची नेमकी तारीख हवी होती. फोटोच्या मागे लिहिलेली असेल म्हणून असिमीनाने भिंतीवरच्या तसबिरी एकेक करून उतरवल्या. तिच्या लग्नाच्या फोटोच्या पुठ्ठ्यामागून चार घड्या केलेला एक कागद खाली पडला. तिने मला चढवलं. चर्चचा शिक्का. पापा-स्टाथिसची तिरकी सही. नाव: असिमीना. पिता: वायोस. माता: आरेती.

तिने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग ती पलंगावर बसली. तिला सगळं आठवलं, आणि ती मोठ्याने बोलली म्हणून मलाही कळलं. पालिकेतल्या मुलीने विचारलं होतं, "आजी, हा एकच कागद दोनदा आणलात का?" दोन्हींवर वर मोठ्या अक्षरात असिमीना झारकादा. खालचं बारीक तिला दिसत नव्हतं. चष्मा आणला नाही हे सांगायची लाज वाटली. ती म्हणाली, "हो गं, पाद्र्याने जादा प्रत दिली असेल." एक कागद नोंदला गेला. दुसरा तिने घरी आणला, आणि त्यावर आपलं नाव होतं म्हणून आपल्या लग्नाच्या फोटोमागे जपून ठेवला.

चुलीवर राजम्याचं सूप शिजत होतं. तिने कागद हातात धरला, चुलीपाशी गेली आणि चुलीच्या तोंडाचं लोखंडी झाकण उघडलं. मला त्या क्षणी कुणाची शंका आली, ते सांगायलाही लाज वाटते. चौदा वर्षं ज्या नाकावर बसलो, त्याच नाकाची. ज्वाळा माझ्या काचेत दिसत होत्या. लाकूड तिने घातलं नाही.

मग झाकण आपटलं. "आरेती! फानी! दोघी इकडे या!"

दोघी आल्या, एकमेकींकडे न बघता.

"चोर सापडला," असिमीना म्हणाली.

"कोण?"

तिने कागद टेबलावर ठेवला. "मी."

सगळं सांगून झाल्यावर फानी रडायला लागली. आरेती रडली नाही. तिने कागद उचलला, नीट वाचला आणि म्हणाली, "सव्वीस दिवस, आई. सव्वीस दिवस मी या घरात चोर होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पालिकेत गेली. असिमीना, आरेती आणि मध्ये वायोस, तोंड न उघडणारा. खिडकीत तीच मुलगी होती, लुकिया. तिने कागद उलटसुलट केला.

"हा दोन वर्षं कुठे होता?"

"माझ्या लग्नाच्या फोटोमागे."

लुकियाने वायोसकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. "तर मग आजी, जबाबदारीचं निवेदन लिहून द्यावं लागेल. स्वतःच्या हाताने. काय झालं तेवढंच लिहा."

असिमीनाने मला घट्ट बसवलं आणि लिहिलं. मी अक्षर न् अक्षर पाहिलं: 'मी असिमीना झारकादा जबाबदारीने सांगते की त्या दिवशी मी चष्मा लावला नव्हता. दोन कागद वेगळे होते. मी एकच आहे असं सांगितलं.' मग ती थांबली आणि आणखी एक ओळ लिहिली. 'माझी सून आरेती हिने खोटं काही केलं नाही. खोटा आळ मी घेतला.'

"आजी, ही ओळ नको," लुकिया म्हणाली. "यात भावना लिहीत नाहीत."

"या भावना नाहीत. ही माहिती आहे. राहू दे."

लुकियाने राहू दिली. मग तिने नामकरणाचा फॉर्म आरेतीपुढे सरकवला. "हा भरून झाला की नाव नोंदल्याचा दाखला लगेच देते. तो हरकतीला जोडा, मागणी टिकणार नाही. पण एक सांगते. आमच्या वहीत मूल अजून बिननावाचं आहे. चर्चमधलं आणि इथलं नाव एकच हवं असा नियम नाही. आई-बाप आज इथे जे लिहितील ते नाव. आणि खरं सांगू? एका पत्त्यावर दोन असिमीना झारकादा..."

"तीन," वायोस पहिल्यांदाच बोलला.

"तीन! म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा घोळ. वेगळं नाव लिहिलंत तर कायमची कटकट मिटेल."

आरेतीने पेन उचललं. असिमीना तिच्या हाताकडे बघत होती, मीही. क्रीटमध्ये आरेतीची आई होती, गारिफालिया. तिच्या नावाची नात अजून कुणी तिला दिली नव्हती. मला खात्री होती की आता आरेती पुरतं उट्टं काढणार. आणि मित्रांनो, तिने काढलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो.

"गारिफालिया लिही," असिमीना म्हणाली. आवाज तिचा, पण मी तो कधी ऐकला नव्हता. "तुझ्या आईचं. माझ्या नावाने तुला फार छळलं. लिही, मी काही म्हणणार नाही."

आरेतीने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी सरळ पाहिलं. मग वाकून लिहायला लागली. असिमीना इतकी पुढे झुकली की माझी दांडी कानावरून सुटली, आणि मी एका डोळ्यावर लोंबकळत ते वाचलं.

असिमीना.

"अगं, मी म्हटलं ना..."

"ऐकलं मी. पण पोरगी साडेतीन वर्षांची आहे आई, या नावाला ओ देते. आणि दुसरं म्हणजे," आरेतीने सहीसाठी पेन वायोसकडे दिलं, "तिच्यावर ओरडायचं असलं की मला तुमच्या नावाने ओरडता येतं. हे सुख मी का सोडू?"

लुकियाने फायलीत तोंड लपवलं. असिमीना आधी चकित झाली, मग असं हसली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

हरकत मुदतीच्या दोन दिवस आधी गेली. सहा आठवड्यांनी मागणी रद्द झाल्याचं पत्र आलं, आणि जूनमध्ये आरेतीचं कंत्राट नवं झालं. पत्र आरेतीने न फोडता सासूच्या हातात दिलं. तिने ते शिक्क्यापर्यंत वाचलं, मलाही खोट सापडली नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कुणा वडीलधाऱ्याचा चष्मा तुटका असेल तर दोऱ्यावर भागवू नका, दुरुस्त करून आणा. आणि शंका घ्यायचीच असेल तर चष्मा लावून घ्या. स्वतःचा कागद आधी वाचा, दुसऱ्याचा मग. चौदा वर्षं मी उलटं करत होतो.

माझी दांडी आता बसवली आहे. मी अजून त्याच नाकावर असतो. सकाळी वरच्या जिन्यावरून आरेतीचा आवाज येतो, "असिमीना! हात धुतलेस का?" वरून एक 'हो' येतो, खालून एक 'हो' येतो, आणि मागच्या खोलीत माझी म्हातारी दचकून स्वतःचे हात बघते.